विश्लेषण : अलास्काच्या पावसात जुन्या धाटणीच्या रायफली का टिकून आहेत?

अमेरिकेतील अलास्काच्या किनारी जंगलांत मासेमारीला वा कामाला जाणारे अनेक जण आजही १९व्या शतकातील रचनेची ‘लिव्हर-ॲक्शन’ रायफल सोबत ठेवतात. कारण एकच, तपकिरी अस्वल. त्यातही मोठ्या नळीची रायफल स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेतली जाते. ती कशासाठी?

ही रायफल चालते कशी?
चापाभोवतीचा लिव्हर खाली-वर केला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत जाते. ‘.४५-७०’ हे काडतूस अमेरिकी लष्कराने १८७३मध्ये स्वीकारले. त्याची गोळी सुमारे ११.६ मिलिमीटर जाडीची असते. जवळून धावून येणाऱ्या जनावरासाठी अशी जड गोळी उपयोगी मानली जाते. काडतुसे नळीखाली एकामागे एक राहत असल्याने गोळीचे टोक सहसा चपटे ठेवतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळली तर स्फोटाचा धोका असतो.

बदल का करावे लागतात?
केचिकन शहरात वर्षाला मुंबईपेक्षाही जास्त पाऊस पडतो. त्यात खारी हवा. साधे पोलाद गंजते, लाकडी दस्ता फुगतो आणि दुर्बिणीची काच धुरकट होते. म्हणून स्टेनलेस स्टील किंवा गंजरोधक लेप, कृत्रिम दस्ता, नेम धरण्यासाठी दुर्बिणीऐवजी मोठे कडे आणि हातमोजे घालूनही बोटे मावतील असा रुंद लिव्हर बसवला जातो. छोट्या विमानात मावावी म्हणून दोन भागांत सुटणारी रायफलही मिळते. तरीही रोज पुसणे, तेल देणे चुकत नाही.

रायफल असली म्हणजे जीव वाचतो?
तशी खात्री नाही. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये अलास्कातील २६९ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्र जवळ असलेल्यांनी ते वापरले काय किंवा न वापरले काय, इजेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अस्वल काही क्षणांत अंगावर येते. नेम धरायला वेळच मिळत नाही. त्याआधीच्या २००८मधील अभ्यासात मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के घटनांत रोखले होते.

कायदा काय सांगतो?
स्वसंरक्षणासाठी अस्वल मारता येते. मात्र अन्न वा कचरा उघडा टाकून त्याला ओढवून घेतलेले नसावे. मारल्यास घटना कळवून कातडे आणि कवटी राज्य सरकारकडे जमा करावी लागते. म्हणूनच रायफल हा शेवटचा उपाय. आवाज करत चालणे, अन्न बंदिस्त ठेवणे आणि फवारा हाताशी असणे हे आधी.