कॉफी आंबट का लागते? जिभेचे पाच सेन्सर आणि सोनगीरचं तांब्याचं पातेलं

मागच्या महिन्यात मोबाईलवरून कॉफीचं पाकीट मागवलं. पाव किलोचे साडेचारशे रुपये गेले. आमच्या सोनगीरला कॉफी म्हणजे इन्स्टंट पावडर, भरपूर दूध, साखर आणि पाहुणे आले तर वरून किसलेलं जायफळ. ही मात्र बिनदुधाची प्यायची होती. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. आंबट! माल खराब निघाला म्हणून एक स्टार द्यायला बोट टेकवणारच होतो. थांबलो ते बरं झालं, कारण चूक पाकिटाची नव्हती.

आधी जीभ समजून घेऊ. फोनच्या कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा एवढ्या तीनच रंगांचे फिल्टर असतात आणि त्यांतून सगळा फोटो रंगतो. जिभेकडे तसे पाच प्रकार आहेत: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी म्हणजे पिकलेल्या टोमॅटोत किंवा मशरूममध्ये लागतो तो भरीव स्वाद. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने तो 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून शोधला. कॉफीत त्याचं फारसं काम नाही.

शाळेत जिभेचा नकाशा पाहिला असेल, टोकाला गोड आणि मागे कडू. तो विसरा. 1901 च्या एका जर्मन प्रबंधाचा चुकीचा अर्थ लावून तो पसरला. चव कळणाऱ्या जिभेच्या सगळ्या भागांवर पाचही चवी कळतात.

गंमत कडूची आहे. गोड ओळखायला मुख्यतः एकच रिसेप्टर, पण कडूसाठी सुमारे 25. कारण वनस्पतींमधली बरीच विषं कडू असतात, चुकून चालत नाही. कॉफीचा कडूपणा कॅफिनमुळे, असं आपण धरून चालतो. पण कॅफिन काढलेली कॉफीसुद्धा कडूच लागते. बराचसा कडूपणा बी भाजताना तयार होणाऱ्या इतर पदार्थांचा असतो.

आता माझा आंबटपणा. कॉफीची बी हे फळाचं बी, त्यात आम्लं असतात. हलकी भाजली तर ती टिकतात, काळी होईपर्यंत भाजली तर घटतात आणि कडू वाढतं. शिवाय गरम पाण्यात आम्लं लवकर उतरतात, कडू पदार्थ उशिरा. मी मिनिटभरात गाळून मोकळा! दुसऱ्या दिवशी फोनवर चार मिनिटांचा टायमर लावला. तीच पूड, तेच पाणी, पण कॉफी बरीच समतोल झाली. उलट जास्त कडू झाली तर मिठाचे दोन-चार कण टाकून बघा. मीठ कडूपणा दाबतं. खारट लागलं तर मीठ जास्त पडलं, एवढंच.

पाकिटावर ‘संत्रं, चॉकलेट’ लिहिलेलं असतं, ते मात्र जिभेचं काम नाही, नाकाचं आहे. जायफळाच्या कॉफीचा घोट नाक दाबून घ्या. जायफळ गायब! नाक सोडा, परत हजर. वास घशामागून नाकात चढतो आणि आपण त्याला चव म्हणतो.

आणि मित्रांनो, आपलं लाडकं तिखट? शेवभाजी खाऊन वाढलेल्यांना पटणार नाही, पण ती चव नाहीच. मिरची उष्णतेचा रिसेप्टर चाळवते, म्हणून जळतं. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. आयुर्वेदाच्या सहा रसांत तिखट आहे, पण त्याचं नाव ‘कटू’. आणि आपल्या कडूचं नाव ‘तिक्त’. बरोबर उलटं.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. तांब्याच्या भांड्यात कॉफी उकळतानाचं रील पाहून मी घरातलं जुनं पातेलं काढलं. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, पातेल्यांना काय तोटा! आजी ओरडली, “अरे, कल्हई उडालीय त्याची, कळकेल ना!” पितळी भांड्यात ताक ठेवलं की जी धातूसारखी ओंगळ चव येते, तिच्यासाठी आपल्याकडे हा खास शब्द आहे. कारण सरळ आहे: आम्लात तांबं विरघळतं. कॉफी लिंबाइतकी आंबट नसली तरी आम्लधर्मीच. तांबं पोटात जास्त गेलं की मळमळ, उलट्या, पोटदुखी. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, तो मध्ये राहून अन्नाला तांब्यापर्यंत पोचू देत नाही. आत लालसर तांबं दिसायला लागलं की त्यात कॉफी, ताक, चिंच काही नको.

पातेलं आता कल्हईला दिलंय. तोवर कॉफी स्टीलच्या टोपात.