आधी टेबलं, मग सेल्फी!

कॉमिक कॉनला जायचा प्लॅन ग्रुपवर पडला, की पहिला प्रश्न येतो, ‘कोण बनून जायचं?’ कुणाला गोकू व्हायचं असतं, कुणाला वंडर वुमन, आणि एक जण हमखास ‘मी फक्त फोटो काढणार’ असं जाहीर करतो. या गडबडीत स्वतःला आणखी एक प्रश्न विचारा : तिथे दिवसभर आपण गिऱ्हाईक म्हणून फिरणार आहोत, की सहभागी म्हणून?

हा फरक जपानमध्ये फार आधी ओळखला गेला. टोकियोत १९७५ साली ‘कॉमिकेट’ सुरू झालं, तेव्हा कॉमिक्स काढणाऱ्यांचे ३२ गट आणि साधारण ७०० माणसं जमली होती. आता तिथे लाखोंची गर्दी होते. पण स्वतः काढलेलं, स्वतः छापलेलं कॉमिक टेबलावर मांडून विकायचं, हा गाभा तोच आहे. तिथे विकणारा, घेणारा आणि आयोजनात राबणारा असे सगळेच ‘सहभागी’ मानले जातात. ग्राहक कुणीच नाही. अमेरिकेतलं सॅन डिएगो कॉमिक-कॉनही १९७० मध्ये एका हॉटेलात भरलं होतं, जेमतेम ३०० चाहते घेऊन. आज तिथे सव्वा लाखाहून जास्त लोक येतात आणि हॉलिवूडचे स्टुडिओ ट्रेलर घेऊन रांगेत उभे असतात.

आपल्याकडे ही जत्रा २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईतही आली. आत शिरलात की मोठ्या कंपन्यांचे चकाचक स्टॉल, गेमिंगचे स्क्रीन, फिगर्स आणि टी-शर्ट्स तुम्हाला खेचून घेतात. त्यात काही वाईट नाही. पण निम्मं पाकीट तिथेच रिकामं होतं, पाय दुखायला लागतात आणि मग पलीकडची ती साधी टेबलांची रांग राहूनच जाते.

टेबलामागचा माणूस

ही रांग म्हणजे कॉमिक कॉनचा जीव. इथे कॉमिक काढणारा माणूसच तुमच्या समोर बसलेला असतो. पुस्तक दुकानातून विकलं गेलं, की छापील किमतीतला मोठा वाटा वितरक आणि दुकानदाराकडे जातो. टेबलावर विकलं, तर तो वाटा चित्रकाराकडेच राहतो. अर्थात, त्यातूनच टेबलाचं भाडं, छपाई आणि प्रवास भागवायचा असतो. म्हणून आपण पानं चाळतो, आवडलेल्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढतो आणि ‘भारी आहे हां’ म्हणत पुढे सरकतो, तेव्हा कौतुक होतं, पण पुढचा अंक छापायची सोय होत नाही.

असेच अंक काढून काहींनी आपलं जग उभं केलंय. अभिजीत किणींची ‘अँग्री मावशी’ ही भ्रष्टाचाराला थेट भिडणारी मुंबईची साडीतली नायिका. मुंबईच्याच याली ड्रीम क्रिएशन्सच्या ‘द व्हिलेज’ या भयकथेवर २०२३ मध्ये तमिळ वेबसिरीज आली. सिरीज बघणाऱ्या किती जणांना मूळ कॉमिक माहीत असेल?

बजेट कमी आहे? आपल्या सगळ्यांचंच असतं. आधी एक पूर्ण चक्कर मारा, काहीच घेऊ नका. दुसऱ्या चकरीत एका नवीन चित्रकाराचा एकच अंक घ्या आणि सही मागा. ‘हे पान कसं काढलंत?’ एवढं विचारलंत तरी पुढची दहा मिनिटं तुमची.

बहुरूपी आपलेच

कॉस्प्ले करणाऱ्यांचंही तसंच. लांबून लोखंडी वाटणारं ते चिलखत बहुतेक वेळा फोमचं असतं. शीट कापायची, हीट गनने वाकवायची, चिकटवायची, रंग तडकू नये म्हणून खाली लेप द्यायचा. कापड मंगलदास मार्केटमधून, एलईडीच्या पट्ट्या लोहार चाळीतून. बहुरूप्यांच्या महाराष्ट्राला या मेहनतीचं नवल वाटू नये. त्यामुळे ‘फोटो काढू का?’ हे विचारल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही आणि खांद्यावर हात टाकायचा नाही. वेश कसाही असो, आत माणूस आहे. न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये तर २०१४ पासून याच्या पाट्या लागल्या : कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे.

‘मराठीत आहे का?’

आता एक मुद्दा आपल्या घरचा. टेबलांवर इंग्रजी भरपूर दिसतं, हिंदी दिसतं, मराठी मात्र शोधावं लागतं. आपल्याकडे चित्रकार नव्हते, असं अजिबात नाही. ‘टिंकल’मधला सुपंडी राम वाईरकरांनी रंगवला. राज कॉमिक्सचा नागराज सुरुवातीला पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढला. इंद्रजाल कॉमिक्समधून फँटम मराठीत ‘वेताळ’ होऊन आला. घरी बाबांना किंवा काकांना नुसतं ‘वेताळ’ म्हणून बघा, कवटीच्या अंगठीची गोष्ट सुरू होईल. हात आपल्याकडे होते, वाचकही होते. मग आज टेबलावर मराठी का नाही? छापणाऱ्याला खात्री नाही, की घेणारा आहे.

ती खात्री देणं आपल्या हातात आहे. प्रत्येक टेबलावर थांबून ‘हे मराठीत आहे का?’ एवढंच विचारा. एकाने विचारलं तर समोरचा हसून ‘नाही’ म्हणेल. दिवसभरात पन्नास जणांनी विचारलं, तर रात्री सामान आवरताना तो हिशेब नक्की मांडेल. आणि तुमच्यापैकी जो वहीच्या मागच्या पानावर लेक्चर चालू असताना चित्रं काढतो, त्याने ती पानं झेरॉक्स करून, स्टेपल मारून सोबत न्यावीत. कॉमिकेटची सुरुवात अशाच हौशी मंडळींनी केली होती.