सेन्सर केवढा हवा?

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण आम्हाला भेटला. लग्नांचे फोटो काढणे हा त्याचा व्यवसाय. म्हणाला, "सर, सगळे सांगतात, फुल फ्रेम घेतल्याशिवाय प्रोफेशनल होता येत नाही. कर्ज काढून घेऊ का?" आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, कॅमेरा हाताळला तो हौसेने. तेव्हा लगेच उत्तर दिले नाही, कारण त्याच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतले होते. सेन्सरच्या आकाराने फरक पडतो का? आणि पडत असेल, तर तो फरक माझ्या कामाचा आहे का? आज आपण ही गाठ सोडवू.

आधी शब्दांकडे बघू. 'फुल फ्रेम' म्हणजे ३६ × २४ मिलिमीटर. पण 'पूर्ण' म्हणजे कशाच्या तुलनेत पूर्ण? जर्मनीत लाइट्स कंपनीतल्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली आणि सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट चौकट वापरली. त्यातून १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. त्या काळचे व्यावसायिक याहून कितीतरी मोठ्या काचा आणि फिल्म वापरत. त्यांच्या लेखी हा चिमुकला कॅमेरा होता. म्हणजे बघा, काल जे लहान होते तेच आज 'पूर्ण' झाले. 'एक इंची' सेन्सरची तर आणखी गंमत. तो असतो १३.२ × ८.८ मिलिमीटर, कर्णसुद्धा इंचभर भरत नाही. ते माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आले. तेव्हा नावावरून गुण ठरवू नये.

आता पहिला प्रश्न. पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवा. दोन्हींत पाण्याची उंची सारखीच चढेल, पण एकूण पाणी परातीत जास्त. उंची म्हणजे एक्सपोजर, एकूण पाणी म्हणजे एकूण प्रकाश. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. मायक्रो फोर थर्ड्सचे, १७.३ × १३ धरले तर, सुमारे २२५. जवळजवळ चौपट फरक. प्रकाशही थेंबाथेंबांनीच येतो आणि थेंब मोजून-मापून पडत नाहीत. चित्राच्या एका कणाला सरासरी १०० थेंब मिळाले, तर साधारण १० चा चढउतार असतो, म्हणजे दहा टक्के. ४०० मिळाले तर चढउतार २०, म्हणजे पाचच टक्के. प्रकाश चौपट झाला की दाणेदारपणा, ज्याला आपण नॉइज म्हणतो, तो निम्मा होतो. फरक पडतो, हे मान्यच करायला हवे.

पण थांबा. प्रकाश आत सोडते ती लेन्स. मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिलिमीटरची एफ/१.४ लेन्स आणि फुल फ्रेमवर ५० मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स, दोन्हींचे छिद्र सुमारे १८ मिलिमीटरच. शटरची गती सारखी ठेवली तर दृश्याचा कोन तोच, मागचा भाग तेवढाच धूसर, एकूण प्रकाशही जवळपास तेवढाच. मग मोठ्या सेन्सरचा फायदा कुठे? तर टोकाला. फुल फ्रेमवरच्या एफ/१.४ ची बरोबरी करायला लहान सेन्सरला एफ/०.७ ची लेन्स लागेल, आणि ती काही दुकानात सहज मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न. मंगल कार्यालयात संध्याकाळी विधी चालू आहेत, फ्लॅश मारायचा नाही. तिथे मोठा सेन्सर उपयोगी पडतो. पण तीन रांगांचा कुटुंबाचा फोटो घ्या. सगळे चेहरे स्पष्ट हवेत म्हणून फुल फ्रेमवर आपण एफ/८ लावतो, लहान सेन्सरवर एफ/४ पुरते. तिथे फायदा विरघळला. स्टुडिओत दिवे आपल्या हाताशी असतात, तिथेही तो फारसा उरत नाही. आणि भिगवणला रोहित टिपायला दिवसभर हिंडणाऱ्याला हलकी लेन्स चालणारा लहान सेन्सरच सोयीचा वाटू शकतो.

न्यायशास्त्रात सांगतात, जिथे धूर तिथे अग्नी. पण उलटे धरू नये. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नामवंत छायाचित्रकारांच्या हातात मोठा सेन्सर दिसतो, म्हणून मोठा सेन्सर हातात आला की नामवंत होता येते, हे असे उलटे धरणेच झाले.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले: गेल्या दहा लग्नांतले तुझे टाकाऊ फोटो काढ आणि प्रत्येक का टाकला ते लिही. काळोखातल्या दाण्यांमुळे टाकलेले बरेच निघाले, तर आधी मोठ्या छिद्राची लेन्स बघ, मग सेन्सर. डोळे मिटलेले, क्षण हुकलेला, फोकस भलतीकडे, असे निघाले तर कर्ज काढून त्यातले काहीच सुधारणार नाही.

तो आज मागच्या रांगेत बसला आहे. यादी केली आहे म्हणतो, आणि येत्या रविवारच्या लग्नासाठी फुल फ्रेम एका दिवसापुरता भाड्याने घेतला आहे. कर्जाचे तो त्यानंतर ठरवणार आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.