आजीच्या वाट्याचा मासा

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात अमेरिकेतल्या माशांवर लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. फराळाचे ताट समोर असताना ही मासळी कशाला, असेही कुणी म्हणेल. पण मला सांगायची आहे ती मुळात वाटणीची गोष्ट. एक मासा, त्याच्यावर हक्क सांगणारे पाचसहा दावेदार, आणि त्यांत एक असा की ज्याला ना कोर्टात उभे राहता येते, ना सभेत हात वर करता येतो. वाटणीच्या गोष्टी आपल्या घरांतून कुणाला नव्या नाहीत. तेव्हा हीदेखील समजायला जड जाऊ नये.

हा मुका दावेदार म्हणजे ऑर्का. इंग्रजांनी त्याला ‘किलर व्हेल’, म्हणजे खुनी देवमासा, असे बदनाम करून ठेवले आहे. वास्तविक तो डॉल्फिनच्या कुळातला. अंग काळेभोर, पोट पांढरे, डोळ्यामागे पांढरा ठिपका. अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्यामधल्या खाड्या-सामुद्रधुन्यांना ‘सेलिश समुद्र’ म्हणतात. तिथे ऑर्कांचा एक गोतावळा पिढ्यान्‌पिढ्या येतो-जातो. शास्त्रज्ञ त्यांना ‘सदर्न रेसिडेंट’ म्हणतात. आपण त्यांना दक्षिणेचे रहिवासी म्हणू. त्यांची तीन घराणी आहेत, आणि त्यांची नावे जे, के आणि एल अशी रूक्ष अक्षरी आहेत.

या रहिवाशांची खानेसुमारी दरसाल होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत मायकेल बिग या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पाठीवरच्या पंखाची ठेवण आणि त्यामागचा करडा डाग पाहून प्रत्येक ऑर्का वेगळा ओळखता येतो. १९७६ पासून केन बालकोम या संशोधकाने सान हुआन बेटावर राहून ही गणती चालवली. १९९५ साली हा आकडा ९८ होता. २०२४ च्या जुलैत तो ७३ भरला. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम चाळीतसुद्धा याहून जास्त माणसे राहतात.

आजीचे राज्य

या घराण्यांत सत्ता चालते ती आजीची. मुलगा असो वा मुलगी, जन्मभर आईला सोडून जात नाही. मुलगे बाहेरच्या माद्यांशी संबंध जोडतात. पण पुन्हा आईच्याच कळपात परततात. प्रत्येक घराण्याची बोली वेगळी, आणि ती ऐकूनच जाणकार घराणे सांगतात. मादीचे पिले होणे चाळिशीच्या सुमारास थांबते. पण त्यानंतरही ती वीस-तीस वर्षे, क्वचित त्याहून जास्त जगते. प्राणिसृष्टीत हे फार विरळा आहे. निसर्गाने ही म्हातारी कशासाठी राखून ठेवली असावी?

२०१५ साली काही संशोधकांनी चित्रफिती तपासून याचे उत्तर दिले. कळपाच्या पुढे बहुधा या म्हाताऱ्याच असतात. आणि मासा कमी पडलेल्या वर्षी तर हे पुढारपण अधिकच ठळक होते. कोणत्या महिन्यात, कोणत्या नदीच्या तोंडाशी मासा मिळतो, ही विद्या तिच्या डोक्यात असते. शिवाय धरलेला मासा ती एकटी खात नाही. मोडून लेकरा-नातवंडांना देते. आई गेली की पुढच्या वर्षभरात प्रौढ मुलगाही दगावण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. आईविना पोरके होणे हे चाळिशीतल्या बाप्यालाही कसे भोवते, याचा असा पुरावा मी दुसरीकडे वाचला नव्हता.

राजा मासा

आता ज्या माशासाठी हे सारे, त्याच्याकडे वळू. मुंबईच्या बाजारात रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. पण त्याचा आणि खऱ्या सॅमनचा काडीचाही संबंध नाही. सॅमन नदीत जन्मतो, बोटुकली असतानाच समुद्राला मिळतो, काही वर्षे तिथे वाढतो, आणि मग शेकडो मैल तोडून नेमका आपल्या जन्मनदीला परततो. मादी जणू बाळंतपणालाच माहेरी येते, आणि अंडी घालून तिथेच देह ठेवते. सॅमनच्या जातींत सर्वांत थोर चिनूक. मच्छीमार त्याला ‘किंग’ म्हणजे राजाच म्हणतात. आकाराने मोठा, अंगात चरबी भरपूर, आणि समुद्रात बाराही महिने सापडणारा.

दक्षिणेच्या रहिवाशांना हवा असतो तो हाच. उन्हाळ्यात तर त्यांच्या जेवणात चिनूकचाच मोठा वाटा असतो. ऑर्कांचे खाण्याचे सोवळे फार कडक. त्याच पाण्यात ऑर्कांची दुसरी एक जमात राहते. ती सील मारून खाते, माशाला तोंड लावीत नाही. १९७० साली तिच्यातले काही ऑर्का पकडून त्यांना मासे घातले, तर त्यांनी सुमारे अडीच महिने उपास काढला. त्यात एक मेला, पण मासा खाल्ला नाही. १९७२ च्या कायद्याने सीलला अभय मिळाले, सील वाढले, आणि सील खाणारे ऑर्काही सुखी झाले. मात्र ते सील चिनूकही खातात, म्हणजे रहिवाशांच्या पानातले खातात. एकाला दिलेले संरक्षण दुसऱ्याला असे महाग पडते.

चिनूक कमी का झाला? याचे उत्तर नद्यांकडे मागावे लागते. कोलंबिया नदीत एके काळी तीस किलोच्या वर वजन भरणारे चिनूक येत. १९४२ पर्यंत त्या नदीवर ग्रँड कूली धरण पुरे झाले, आणि त्यात माशाला वर चढायला पायऱ्याच ठेवल्या नाहीत. शेकडो मैलांचे माहेर एका भिंतीने बंद झाले. अशी धरणे अनेक. त्यांत जंगलतोड, शहरांची घाण आणि तापलेले पाणी यांची भर. शिवाय १९७६ पर्यंतच्या दहा-बारा वर्षांत माणसाने मत्स्यालयांतल्या खेळांसाठी या गोतावळ्यातली चाळिसाहून जास्त पोरे पळवली किंवा पकडताना मारली. ती आज असती तर त्यांतल्या कित्येक आजीच्या वयाच्या असत्या.

उपाशी शरीराचे दुःख उपासापुरते थांबत नाही. कारखान्यांतली विषे ऑर्काच्या चरबीत साठतात. पोट भरलेले असेतो ती तिथे गप्प बसतात, आणि चरबी झडू लागली की रक्तात उतरतात. सॅम वॉसर या शास्त्रज्ञाने ऑर्कांची विष्ठा हुंगून काढणारा टकर नावाचा कुत्रा होडीत बसवला, आणि त्या नमुन्यांवरून २०१७ साली दाखवले, की २००८ ते २०१४ या काळात आढळलेल्या गर्भारपणांपैकी ६९ टक्के वाया गेली.

२०१८ च्या जुलैत टालेक्वा नावाच्या मादीचे पिलू जन्मल्यानंतर अर्ध्या तासात गेले. तिने ते मृत पिलू सतरा दिवस डोक्यावर, तोंडात धरून हिंडवले. २०२५ च्या आरंभी दुसऱ्या मेलेल्या पिलासह तिने पुन्हा तेच केले. यावर काही लिहू नये हेच बरे.

वाटणीचे गणित

आपल्याकडे महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला कोळी पुन्हा दर्याची पूजा करतात. या बंदीमागे माशाच्या विणीची काळजी आहे आणि कोळ्यांच्या जिवाचीही. मासा टिकावा, म्हणजे पुढल्या वर्षी माणसाला मिळावा, असा तो व्यवहार. माणसाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाला जेवायचे आहे म्हणून माणसाने हात आवरायचा, हा विचार मात्र जगात नवा आहे. तो या समुद्रावर प्रत्यक्षात येतो आहे, म्हणून मला ही गोष्ट मोलाची वाटते.

त्याची रीत अशी. मत्स्यबीज केंद्रांतून सोडलेल्या कित्येक बोटुकल्यांच्या नाकाडात जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा तारेचा तुकडा बसवलेला असतो. मासा कुठे पकडला गेला आणि मूळचा कोणत्या नदीचा, हे त्यावरून कळते. बॉनव्हिल धरणाच्या पायऱ्यांशी काचेच्या खिडकीत बसून माणसे जाणारा एकेक मासा मोजतात. या सगळ्यावरून यंदा समुद्रात किती चिनूक असतील याचा अंदाज बांधतात, आणि वसंतात हंगामाचे नियम ठरतात. २०२१ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी प्रथमच एक रेघ आखली गेली. ओरेगनमधल्या केप फाल्कनच्या उत्तरेला हंगामापूर्वीचा अंदाज तेव्हाच्या हिशेबाने ९ लाख ६६ हजार चिनूकांच्या खाली आला, तर माणसाच्या पकडीला मर्यादा घालायची आणि काही भाग काही महिने बंद ठेवायचे. कॅनडानेही २०१८-१९ पासून ऑर्का जिथे शिकार करतात तिथले काही भाग हंगामात मासेमारीला बंद केले. २०१९ मध्ये नव्या झालेल्या दोन्ही देशांच्या सॅमन-करारात अलास्काच्या दक्षिण-पूर्व किनाऱ्याच्या चिनूक पकडीत ७.५ टक्क्यांपर्यंत, तर व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेच्या पकडीत १२.५ टक्क्यांपर्यंत कपात ठरली.

पण मासा काही आपल्या नावाची चिठ्ठी घेऊन पोहत नाही. अलास्कात न धरलेला चिनूक दक्षिणेत येईतो सीलच्या तोंडी पडेल, उत्तरेच्या ऑर्कांच्या तोंडी पडेल, किंवा वाटेत दुसऱ्याच मच्छीमाराच्या गळाला लागेल. शंभर मासे सोडले म्हणजे शंभर मासे आजीबाईंना मिळाले, असे होत नाही. म्हणून किती सोडावे यापेक्षा कुठे आणि केव्हा सोडावे, याला महत्त्व येते. हिवाळ्याच्या शेवटी, मासा विरळ असतानाचा एक चिनूक भर उन्हाळ्यातल्या कित्येकांच्या तोलाचा.

मच्छीमाराचे म्हणणे

अलास्कातले हे मच्छीमार म्हणजे कुणी धनदांडगे नव्हेत. छोटी होडी, पाण्यात ओढत नेलेले गळ, आणि एकेक मासा हाताने वर घेणे, असा त्यांचा धंदा. २०२० साली एका संस्थेने त्यांच्या हंगामाच्या सरकारी परवानगीविरुद्ध दावा लावला. २०२३ च्या मे महिन्यात सिॲटलच्या न्यायाधीशांनी परवानगी रद्द केली. पुढच्याच महिन्यात वरच्या न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो फिरवला. मच्छीमार म्हणतात: धरणे आम्ही बांधली नाहीत, विषे आम्ही सोडली नाहीत, मग उपास तेवढा आमच्याच घरी का? दावा लावणारे म्हणतात: धरण पाडायला वीस वर्षे लागतील, गळ मात्र उद्या वर घेता येतो. दोन्ही म्हणणी ऐकली की दोन्ही पटतात. याखेरीज वॉशिंग्टनच्या आदिवासी जमातींचा मासेमारीचा हक्क १८५०च्या दशकातल्या तहांनी दिलेला, आणि १९७४ साली न्यायालयाने पकडीच्या निम्म्या वाट्यापर्यंत मान्य केलेला. त्यांतली लमी जमात तर ऑर्कांना लाटांखालचे नातलगच मानते.

माझी धाकटी बहीण सिॲटलला असते. तिच्याकडे गेलो असताना सान हुआन बेटावर लाइम किल्नच्या दीपगृहाखाली मी दोन दिवस बसलो. तिथून एके काळी उन्हाळाभर ऑर्का दिसत. मला एकही दिसला नाही. अलीकडे फ्रेझर नदीचा चिनूक कमी, म्हणून त्यांचे येणेही कमी झाले आहे, हे पुढे समजले. त्या रात्री जेवताना भाचीने सरळ प्रश्न टाकला, “मग मामा, आम्ही सॅमन खायचा की नाही?”

मी तिला म्हटले, “खा, पण काय खातेस ते विचारून खा.” कारण बाजारातला पुष्कळसा सॅमन शेतात पाळलेला, रानटी सॅमनांतही चिनूक वेगळा आणि भरपूर येणारा गुलाबी सॅमन वेगळा. बहिणीने तेव्हापासून दुकानात जात आणि नदी विचारायचा परिपाठ ठेवला आहे.

मात्र गिऱ्हाइकाच्या आणि मच्छीमाराच्या संयमाने जे होईल ते तात्पुरतेच. २०२३ पासून सलग तीन हंगाम कॅलिफोर्नियाची समुद्रातली धंदेवाईक सॅमन-मासेमारी बंद राहिली, ती ऑर्कांसाठी नव्हे; दुष्काळाने नद्यांतच मासा उरला नव्हता म्हणून. उलट एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ मध्ये उतरवली. क्लॅमथवरची चार २०२४ पर्यंत गेली, आणि त्याच शरदात चिनूक जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेले. शंभर वर्षे बंद असलेली वाट त्यांना कुणी दाखवावी लागली नाही.

मासेमारीचे नियम म्हणजे पंगतीत ऑर्कासाठी मांडलेले पान. ते प्रथमच मांडले गेले, ही लहान गोष्ट नव्हे; त्यासाठी कित्येक होडीवाल्यांनी आपले पान आखडून घेतले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण पान मांडले म्हणून अन्न वाढले जात नाही. ते नदीतून यायचे. नदी मोकळी करण्याचा खर्च वीज वापरणाऱ्या, पाणी वापरणाऱ्या सगळ्या शहराने उचलायचा, की एकट्या मच्छीमाराने, हे तिथल्या लोकांना अजून ठरवायचे आहे. दरम्यान कुठली तरी म्हातारी आपला गोतावळा मागे घेऊन एका नदीच्या मुखाशी येत असेल, कारण तिच्या आईने तिला तिथेच आणले होते.