वाघाच्या वाटेवरचा डिजिकॅम

मोबाइलने कॉम्पॅक्ट कॅमेरा संपवला का, या वादाचा बाजारातला निकाल कधीच लागलाय. जपानी कंपन्यांनी २०१० साली दहा कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे विक्रीला पाठवले होते. २०२३ मध्ये वीस लाखही नाहीत. बारसं, लग्न, सहल, सगळं मोबाइलवर गेलं. मला कुतूहल आहे ते या कॅमेऱ्याच्या जंगलातल्या नोकरीचं. चंद्रपूर-गडचिरोलीत तो अजून कामावर आहे, झाडाला बांधलेला.

ट्रॅप कॅमेरा हा त्याचाच भाऊबंद. बटण दाबायला बोट नाही, समोरून ऊबदार अंग हललं की फोटो निघतो. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत हे तंत्र वापरलं तेव्हा कॅमेरे फिल्मचे होते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आणि दोन्ही कुशींवरचेही वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे. तोच वाघ पुन्हा किती वेळा टिपला गेला, त्यावरून एकूण संख्येचा अंदाज. १९९५ साली त्यांनी हे गणित प्रसिद्ध केलं आणि भांडण पेटलं. सरकारी मोजणी तोवर पगमार्कवर चालायची. काचेवर ठसे गिरवून वाघ ओळखण्याची ही पद्धत ओडिशाच्या सरोज राज चौधरींची. कारंथ म्हणत, ठशांवरून एकेक वाघ ओळखता येत नाही. वनखात्याने दाद दिली नाही. २००५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा कुठे पद्धत बदलली. उशीरच म्हणायचा. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यांत वाघाचे ७६,६५१. बाकीच्यांत चितळ, गुरं आणि जंगलात कामाला आलेली माणसंही.

वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागांत मिळून सीटी-१ या वाघाने तेरा माणसं मारली. त्याच्या मागावरही जंगलात हेच कॅमेरे लावले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो जेरबंद झाला. साध्या सेलवर आठवडेच्या आठवडे पावसाथंडीत टिकून राहणं रोज चार्जिंग मागणाऱ्या मोबाइलला जमणारं नाही.

आता सफारीच्या गेटकडे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइलबंदी त्याआधीच आली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणात देशभरातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या कोअर पर्यटनक्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयातल्या त्या खंडपीठाचे प्रमुख होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई.

ही बंदी मला पटते. साध्या मोबाइलची लेन्स रुंद. पन्नास मीटरवरचा वाघ तिच्यात ठिपका होतो, मग ‘भाऊ, थोडी पुढे घ्या ना गाडी’ सुरू होतं. वर फोनाफोनी झाली की दहा गाड्या तिथेच. खिशातल्या तीसपट झूमच्या कॅमेऱ्याला जवळ जावं लागत नाही आणि तो कुणाला फोनही करत नाही.

तेव्हा ताडोबाच्या मोहर्ली गेटला निघण्याआधी कपाटातला जुना डिजिकॅम बाहेर काढा. बॅटरी फुगलेली नाही ना, तेवढं आधी बघा.