अ‍ॅरे भरताना तोच आकडा दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून

मागच्या व्याख्यानात आपण लूप चालवून अ‍ॅरे भरला. आज त्यालाच एक अट लावू या: एकदा आलेला आकडा पुन्हा आला तर घ्यायचा नाही.

सहलीची बस आहे असं धरू. दहा जण आपापला सीट नंबर सांगणार आणि आपण तो अ‍ॅरेत लिहिणार. १४ नंबर दोनदा गेला तर प्रोग्रॅम काही बोलणार नाही, निमूट चालेल. भांडण होईल ते बसमध्ये.

पुष्कळ जण आधी दहाही आकडे घेतात आणि मग डुप्लिकेट शोधत बसतात. सापडतील की! पण तोवर दुसऱ्यांदा १४ सांगणारा माणूस घरी गेलेला असतो, नवा नंबर विचारायचा कोणाला? म्हणून तपासणी दारातच. आलेला आकडा आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये धरायचा, भरलेल्या घरांशी ताडून बघायचा आणि मगच आत घ्यायचा.

‘भरलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा बरं का. चार आकडे आले असतील तर तुलना चारच घरांशी. जावात पूर्णांकांच्या अ‍ॅरेची रिकामी घरं शून्याने भरलेली असतात, त्यामुळे सगळा अ‍ॅरे तपासला तर पहिल्यांदाच आलेलं शून्यही ‘आधीच आहे’ म्हणून परत जाईल. सी भाषेत फंक्शनच्या आतला अ‍ॅरे सुरुवातीची किंमत न देता घेतला, तर त्यात काय पडलेलं असेल याचा नेमच नाही.

आता नेहमीची गफलत बघा. पहिल्या घरात वेगळा आकडा दिसला की लगेच ‘नवीन आहे’ ठरवून टाकायचं! जुळला, हे एका घरावरून सांगता येतं. जुळला नाही, हे सांगायला सगळी भरलेली घरं बघावीच लागतात. म्हणून ‘सापडला’ नावाचा एक फ्लॅग ठेवायचा आणि निर्णय आतला लूप संपल्यावर घ्यायचा. दुसरं म्हणजे, आकडा नाकारला तर काउंटर पुढे सरकता कामा नये. फॉर लूप तो आपोआप सरकवतो आणि मध्ये भोक राहतं. इथे व्हाइल बरा: आकडा आत गेला तरच काउंटर एकाने वाढवायचा.

दहा वेगवेगळ्या आकड्यांना या पद्धतीने ४५ तुलना लागतात, हजारांना ४,९९,५००. लाखावर गेलात तर जवळजवळ ५०० कोटी. तिथे हॅश सेट वापरा, तो प्रत्येक वेळी सगळी घरं चाळत बसत नाही.

आकड्यांचं एक बरं असतं, १४ म्हणजे १४च. सीट नंबरऐवजी गावाचं किंवा माणसाचं नाव घेतलंत की ‘सारखं’ म्हणजे काय, इथपासून सुरुवात. ‘वऱ्हाड’ घ्या. युनिकोडमध्ये त्यातला ‘ऱ’ एकाच संकेताने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता असा दोन संकेतांनी. पडद्यावर फरक दिसत नाही, पण साधी तुलना दोन्ही वेगळे मानते आणि डुप्लिकेट बिनबोभाट आत शिरतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन हे दोन प्रकार एक करतं. मात्र काही कीबोर्ड तोच अर्धा र ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक यांनी लिहितात. तो प्रकार नॉर्मलायझेशनच्या हाती लागत नाही. त्याच्यासाठी अदलाबदलीचा नियम आपणच लिहायचा, आणि तोही तुलनेच्या आधी.