ताकदीची गोळी आणि कंपवात

गेल्या वर्षी भाताची रोपलावण उरकल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे आजाऱ्यांच्या भेटीस निघालो होतो. एका घरी सत्तरी उलटलेले एक शेतकरी ओसरीवर बसले होते. पाच वर्षांपूर्वी त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, जडला. औषध चांगले लागू पडले होते आणि ते काठी न घेता बांधावरून फेरी मारून येत असत. त्या दिवशी मात्र त्यांना उठवावयास दोघांचे हात लागले. सूनबाई हळूच म्हणाल्या, "फादर, दोन महिन्यांत आजार फार वाढला बघा."

आम्ही औषधांचा डबा मागून घेतला. शहरात नोकरीस असलेल्या धाकट्या मुलाने वडिलांच्या काळजीपोटी लोह घातलेल्या ताकदीच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. सकाळी कंपवाताची गोळी, ताकदीची गोळी आणि पेलाभर दूध, सारे एकदमच घेतले जाई. डॉक्टरांना हे सांगितले का, असे विचारता उत्तर आले, "त्यात काय सांगायचं? ते औषध थोडंच आहे? व्हिटॅमिन आहे ते."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी कंपवाताचे औषध मुळीच वाढवले नाही, फक्त गोळ्यांच्या वेळा बदलल्या. महिन्याभरात म्हातारबा पुन्हा बांधावर दिसू लागले. आजार वाढलेला नव्हताच. गोळीचा दोष आजाराच्या माथी बसला होता. ही चूक कोणत्याही घरी होऊ शकते, म्हणून तिच्याविषयी चार शब्द सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ह्या आजाराचे नीट वर्णन केले. मेंदूच्या एका लहानशा भागातील पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. ह्या पेशी झिजत गेल्या की हात थरथरतो, अंग ताठरते, चाल मंदावते, आवाज बारीक होतो. डोपामिन तोंडावाटे दिले तर ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. त्याचे मेंदूत डोपामिन होते. परंतु पोट व रक्त ह्यांतून मेंदूपर्यंतच्या वाटेवर त्याला अनेक अडथळे असतात.

पहिला अडथळा लोहाचा. पोटात लोह लेव्होडोपाला चिकटते आणि औषध अंगात पुरते शोषले जात नाही. रक्त कमी असेल तर लोह घ्यावेच लागते; परंतु दोन्ही गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर असावे. दूध, अंडी, डाळ ह्यांतील प्रथिनेही त्याच वाटेने शोषली जातात व औषधाला मागे रेटतात. म्हणून बहुतेक रोग्यांना ही गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेण्यास सांगतात. रोग्याचे दूध-डाळ मात्र बंद करू नये.

दुसरा अडथळा ब-६ जीवनसत्त्वाचा. लेव्होडोपा एकटेच देत असत त्या काळी, १९६९ च्या सुमारास, असे आढळून आले की ब-६ दिल्यास औषधाचा गुण नाहीसा होतो. ह्या जीवनसत्त्वामुळे लेव्होडोपाचे वाटेतच डोपामिन होते. पुढे लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा देऊ लागले व ती वाट अडवली गेली. आजच्या बहुतेक गोळ्यांत ही दोन्ही असतात, त्यामुळे साध्या बी-कॉम्प्लेक्सने औषध वाया जाईल अशी भीती नाही. उलट ह्या औषधाचा डोस मोठा असेल तर अंगातील ब-६ कमी पडू शकते आणि डॉक्टर ते मुद्दाम देतात.

परंतु आपल्या मनाने मोठ्या मात्रेत घेतलेले ब-६ नसांना इजा करते. १९८३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा सात रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. रोज दोन ते सहा ग्रॅम ब-६ घेऊन त्यांचे हातपाय बधिर झाले होते व चाल डळमळली होती. माणसाची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्याही आत असते! कंपवाताच्या रोग्याचे पाय बधिर झाले तर तो पडणार, आणि घरचे म्हणणार की आजार वाढला.

ड जीवनसत्त्वाचेही तसेच. ६०,००० युनिटांची गोळी किंवा पुडी सहसा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढते. मग भूक जाते, शौचास कडक होते, तहान लागते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, मूत्रपिंडेही बिघडतात. ह्यांतील मलावरोध आणि भ्रम कंपवातातही होतात. मग खरे कारण कोण ओळखणार?

ई जीवनसत्त्वाने आजार थोपतो असेही कानावर येते. अमेरिका व कॅनडात ८०० रोग्यांवर ह्याची परीक्षा झाली. त्यांतील काहींना रोज २,००० युनिटे ई जीवनसत्त्व देऊन पाहिले, आणि १९९३ साली निकाल आला की त्याने आजार मुळीच लांबत नाही. तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत.

आपल्या कुंपणावर चढणारी खाजकुहिली अनेकांना ठाऊक आहे. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी ह्या शास्त्रज्ञांनी तिच्या बियांतून लेव्होडोपाच वेगळे काढले. म्हणजे ह्या बियांचे चूर्ण ही ताकदीची पूड नव्हे, ते खरेखुरे औषध आहे. आणि प्रत्येक बीत त्याचे प्रमाण सारखे नसते. डॉक्टरांच्या गोळीवर हे चूर्ण घेतले तर मात्रा जादा होऊन मळमळ, उभे राहताच चक्कर, अंगाचे आळोखेपिळोखे आणि नसलेली माणसे दिसणे असे प्रकार होतात.

आता कोणी म्हणेल, मग जीवनसत्त्वे बंदच करू या का? तसे नव्हे. लेव्होडोपा घेणाऱ्यांत ब-१२ कमी पडलेले पुष्कळदा आढळते. त्यानेही पायांना मुंग्या येतात व विसर पडतो. रक्त तपासून ते भरून काढणे जरूर आहे. उणीव असेल तेथे जीवनसत्त्व औषध ठरते. नसेल तेथे खर्च, आणि कधी कधी अपाय.

आपले शेतकरी माती तपासल्याशिवाय खत टाकू नये हे आता शिकले आहेत. अंगाच्या बाबतीतही तेच धोरण ठेवावे. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्या, टॉनिकच्या बाटल्या आणि चूर्णे एका पिशवीत घालून न्यावीत व कोणती केव्हा घेतो ते सांगावे. रोगी अचानक खालावला तर गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती नवी गोळी सुरू झाली ते आठवून सांगावे. मात्र कंपवाताची गोळी आपल्या मनाने एकदम थांबवू नये. त्याने अंग लाकडासारखे ताठरून तीव्र ताप चढू शकतो व जीवावर बेतते.

त्या धाकट्या मुलाला फार वाईट वाटले होते. आम्ही त्याला म्हटले, "बाबा रे, तुझी माया खोटी नव्हती. गोळी आणलीस ती डॉक्टरांना दाखवायची राहिली, एवढेच." आता सुटीत आला की तो वडिलांबरोबर दवाखान्यात जातो आणि पिशवी तोच धरतो.